व्हर्लीन कुणाच्या हाताखाली होती

व्हर्लीन स्टेमीचं नाव निघालं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तिच्यावर नाही हो! तिला जे भोगायला लावलं, त्याच्यावर.

नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या गावात सोफे बनायचे. व्हर्लीन आणि मी शेजारशेजारच्या मशीनवर सोफ्यांच्या खोळी शिवायचो. कापड तेच, मुकादम तोच, डबा खायचं टेबलही तेच. फरक एवढाच, की मी कारखान्याची आणि ती कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची. माझा पगार कारखाना द्यायचा, तिचा एजन्सी द्यायची, आपला वाटा कापून. "दोन महिन्यांत कायम करू," असं तिला सांगितलं होतं. सात वर्षं झाली तरी ते मेले दोन महिने सरले नाहीत.

एजन्सीचा माणूस डॉयल. तो ख्रिसमसला तेवढा उगवायचा आणि एकच पढवून जायचा, "कुणीही विचारलं तरी कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. मी एजन्सीत आहे, एवढंच सांगायचं." एकदा चर्चमध्ये व्हर्लीन कुणाला तरी बोलून गेली, "मी सोफ्याच्या कारखान्यात असते." ते डॉयलच्या कानावर गेलं आणि त्याने तिला आठवडाभर घरी बसवलं. तेव्हापासून बाईने तोंडाला कुलूप घातलं.

मग कारखाना उठून मेक्सिकोला गेला. परदेशी व्यापारापायी अशी नोकरी गेली की सरकार नवं शिक्षण देतं, शिकेपर्यंत घरखर्चालाही हातभार लावतं. व्हर्लीनला नर्स व्हायचं होतं. आईचं शेवटचं दुखणं तिने एकटीने काढलं होतं, तेव्हापासून तिने हेच मनात घेतलं होतं. स्वतःच्या पैशाने शिकणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. "नेटी, पन्नाशीत कॉलेजला जाईन बघ मी," म्हणायची.

अर्ज आम्ही केला, एजन्सीच्या बायकांनाही त्यात घेतलं. वॉशिंग्टनहून तपासनीसाचा फोन व्हर्लीनला आला. त्याने विचारलं, "तुम्ही कुणाकडे कामाला होतात?" आणि ही भाबडी पढवलेलं बोलून मोकळी झाली, "एजन्सीत."

झालं! आम्ही कारखान्याचे सगळे मंजूर, एजन्सीच्या सगळ्या बाद. रोजगार कचेरीतला बाबा तिला तोंडावर म्हणाला, "बाई, तुमची कंपनी कुठे गेलीय मेक्सिकोला? एजन्सी तर समोरच उघडी आहे."

ऐकलंत? जिथे हिने बोटं सुईने भोसकून घेतली तो कारखाना हिचा कुणी नाही, आणि वर्षातून एकदा तोंड दाखवणारा डॉयल हिचा मायबाप!

फेरविचाराची मुदत अजून होती, आणि पगार कुणीही देवो, देखरेख कारखान्याची असेल तर एजन्सीच्या बायकाही धरतात, असं मला कळलं होतं. मी तिला ओढतच माझ्या घरी आणलं. "लाव वॉशिंग्टनला फोन."

"अगं, पण खोटं कसं बोलू? पगार एजन्सीच देत होती ना."

"कपाळ माझं! खोटं कोण बोलायला सांगतंय? राबवून कोण घेत होतं, ते सांग."

फोनवरचा माणूस तसा वाईट नव्हता. पण त्याचं आपलं एकच तुणतुणं, "एजन्सी म्हणते, देखरेख आमचीच होती. कारखान्याची होती याला आधार काय?" मी शेजारी बसून दातओठ खात होते.

एकदम व्हर्लीन म्हणाली, "साहेब, लघवीला जायचं तर मशीनवरचा लाल दिवा लावायचा. मग मुकादम यायचा, कर्टिस. तो कारखान्याचा माणूस. त्याने मान हलवली तर उठायचं, नाहीतर बसून राहायचं. एकदा दिवा लावला आणि तो आलाच नाही. मी तशीच शिवत राहिले. खुर्चीतच झाली मला."

पलीकडून त्याने हळूच विचारलं, "हे कुणी पाहिलंय?"

मी तिच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "मी पाहिलंय! माझा स्वेटर मीच बांधला तिच्या कमरेला. लिहा नाव, नेटी ग्रिंडस्टाफ!"

एजन्सीच्या बायका मंजूर झाल्या, सगळ्याच्या सगळ्या. व्हर्लीनला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मी हौसेने केक करून घेऊन गेले, तर ही दारातल्या पायरीवर बसून रडतेय.

"आता काय झालं गं बये?"

"सात वर्षं सोफे शिवले, नेटी. ते नाही चाललं त्यांना. खुर्चीत मुतले, ते चाललं."

केक मांडीवर घेऊन मी तिच्या शेजारी बसून राहिले.