फोनबाईंच्या वहीत नसलेलं मत

वृत्तवाहिनीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी, एक लाकडी टेबल आहे. टेबलावर दोन फोन, एक जाड वही आणि पाण्याची बाटली, आणि मागे एकवीस वर्षांपासून फोनबाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे, पण पगारपत्रक वाचतो कोण? शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना फोनबाईच म्हणतात आणि त्यांनाही ते मानाचं वाटतं. संध्याकाळी सातच्या बातम्या पाहून ज्याला जे वाटेल ते त्याने दुसऱ्या दिवशी या फोनवर सांगायचं आणि बाईंनी ते वहीत उतरवायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहावं म्हणजे कळेल.

बाईंचं म्हणणं असं की माणूस तक्रार करतो एका गोष्टीची आणि दुखणं असतं भलतंच. ते दुखणं शोधून काढण्यात त्यांचा हातखंडा. कोणी फोनवर कितीही तावातावाने बोललं तरी त्या शांतपणे विचारायच्या, "टीव्ही कुठे ठेवलाय तुमचा? समोर खिडकी आहे का? बघताना हातात काय काम असतं?" मग पलीकडचा माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. अशी प्रश्नावली त्यांना कोणी शिकवली नव्हती. त्यांची त्यांनीच ती घडवली होती, आणि तिचा त्यांना सार्थ अभिमान होता. अभिमान लपवायची सवय त्यांना नव्हती.

त्यांचा एक नियमही होता. ज्याचं मत त्यानेच फोन करायचा, नाव आणि राहण्याचा भाग सांगायचा, तरच वहीत नोंद. पूर्वीचे एक संपादक दर सोमवारी "आमच्या घरी असं म्हणत होते" म्हणून बायकोची मतं वहीत घुसवायला बघायचे. बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, वहिनींना म्हणावं फोन करा. दोन्ही लाइन चालू आहेत." तेव्हापासून तो नियम काळ्या दगडावरची रेघ झाला.

तर या सातच्या बातम्यांचं रूप यंदा बदललं. जुनं टेबल गेलं, त्यामागची हिरवी भिंत गेली. तिथे निळ्या उजेडाची भलीमोठी पडदाभिंत आली. आधी निवेदिका टेबलामागे बसून सरळ समोर बघत बातम्या द्यायची. आता ती उभी राहून, या टोकापासून त्या टोकाला चालत, भिंतीवरच्या चित्रांकडे वळून बोलायला लागली. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो सजावटकार तीस-बत्तीसचा, गळ्यात कायम हेडफोन अडकवलेला. कामाला वाघ, पण आपल्या कामावर जरा जास्तच खूश.

आठ दिवसांत सहाशे बारा फोन आले. बाईंचा कान लाल झाला.

"ती पोरगी चालत का असते हो? खुर्ची द्या की तिला एखादी, पाय दुखत असतील," एका आजींनी सांगितलं. एका गृहस्थांना निळा रंग डोळ्यांत खुपत होता. बाईंनी चौकशी केल्यावर कळलं की टीव्ही आरशासमोर होता आणि निळा उजेड दोन्हीकडून येत होता. टीव्ही हलवल्यावर त्यांनी स्वतः फोन करून तक्रार मागे घेतली. एक तरुण आई बातम्यांच्या आधी लागणाऱ्या नव्या सुरावटीवर नुसती चिडली होती. जुनी सुरावट लागली की तिचं बाळ झोपायचं, नवीवर टक्क जागं राहायचं. एकाने तर सरळ सांगितलं, "बातम्या त्याच आहेत, नुसते कपडे बदललेत. पण कपडे छान आहेत." एकंदरीत लोकांना नवं रूप आवडलं होतं. सजावटकार रोज दोनदा येऊन वहीत डोकावायचा आणि शीळ घालत परत जायचा.

एकदा तो मागून येऊन काहीतरी विचारायला लागला, तेव्हा बाईंनी मान न वळवताच त्याला झापलं. "समोर येऊन बोल. पाठीमागून बोलायची पद्धत नसते." हे वळण त्यांना वडिलांनी लावलेलं. अण्णा वर्षानुवर्षं सांगत आले होते की माणसाने माणसाशी समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलावं; पाठीमागून मारलेल्या हाकेला मी ओ देणार नाही. आणि खरंच द्यायचे नाहीत. बाई मारे कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या, आमचे अण्णा शिस्तीचे म्हणून.

अण्णांचं वय एकोणऐंशी. कापड गिरणीत मागावर जवळजवळ तीस वर्षं काढलेली, आता लेकीजवळ दोन खोल्यांत राहायचे. बाईंनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या दुसऱ्यांदा विचारायची संधी देत नसत. बापलेकीचं छान जमायचं. संध्याकाळी सात वाजता दोघं टीव्हीसमोर बसायची, आणि बातम्या संपल्या की अण्णा त्यातली प्रत्येक गोष्ट उलगडून सांगायचे. कोण काय म्हणालं, कुठे अडखळलं, कोण खोटं बोलत होतं, सगळं.

नव्या रूपाच्या तिसऱ्या दिवशी अण्णा बातम्या अर्ध्यावर सोडून उठले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दम नाही राहिला बातम्यांत. रंग बघ ना कसला लावलाय."

सहाशे बारा माणसांची दुखणी शोधणारी ही बाई. पण घरच्या माणसाने रंग म्हटलं आणि तिने रंग धरला. टीव्ही हलवला, खिडकीला पडदा लावला. अण्णा बसायचे, दोन मिनिटांत उठायचे आणि गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत राहायचे. आठवड्यात ते उतरल्यासारखे दिसायला लागले. जेवताना बोलणं बंद. बाईंना काळजी लागली, पण पत्ता लागेना.

पत्ता लागला तो गुरुवारी. बातम्या चालू असताना शेजारीण दारात आली, म्हणून बाईंनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि तिच्याशी पाच मिनिटं बोलत उभ्या राहिल्या. परत आल्या तर अण्णा पडद्याकडे बघून खुदकन हसले.

"ऐकलंस? टाकीचं काम पुन्हा बंद पडलं, आणि हा म्हणतो पाण्याला उशीर झालाय, कामाला नाही!"

पडद्यावर एक कंत्राटदार कॅमेऱ्यात बघून बोलत होता. कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण तशीच होती. बाई खुर्चीच्या पाठीला हात लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कंत्राटदार गेला, निवेदिका आली, दोन पावलं चालली आणि भिंतीकडे वळून बोलायला लागली. अण्णांचा चेहरा एकदम विझला.

बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात काढला नाही.

"अण्णा, चहा टाकू?"

"टाक की. साखर कमी," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी लेकीचे डोळे बघितले आणि त्यांना कळलं की पकडलो गेलो.

"किती वर्षं झाली?" आता बाई मोठ्याने ओरडल्याच. त्यांना भयंकर राग आला होता, आणि रागाच्या पोटात रडूही होतं. "किती वर्षं मला फसवताय?"

"ओरडू नकोस. ओरडलीस की तोंड वाकडं होतं, मग वाचता येत नाही." अण्णा शांत होते. "गिरणी बंद झाली तेव्हापासून उतरत होता कान. तीस वर्षं म्हण. आता नुसती घूंघूं ऐकू येते. तीनशे माग एकदम चालू झाले की बाजूच्याचं बोलणं कोणाला ऐकू येतंय? आम्ही सगळे ओठांवरूनच बोलायचो. विसाव्या वर्षी शिकलो. त्या विद्येवरच चाललंय."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं की माणसं दोन प्रकारची होतात. एक ओरडतात, दुसरी बोलायचीच सोडतात. मला दोन्ही नको होतं." मग ते म्हणाले, "तुझी ती बातम्यांची बाई आधी सरळ बघून बोलायची. रोज अर्धा तास कोणीतरी माझ्याशी नीट बोलत होतं. हे ऑफिसात सांगायचं नाही, कळलं? माझी शोभा करू नकोस."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. अण्णा शिस्तीचे नव्हते, बहिरे होते, आणि बाई तीस वर्षं त्यांच्या शिस्तीचं कौतुक सांगत फिरल्या होत्या. दुसरी गोष्ट त्याहून जास्त टोचत होती. ज्याला ऐकू येत नाही तो फोन कसा करणार? एकवीस वर्षांत वहीत अशा एकाही माणसाचं मत आलं नव्हतं आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

शुक्रवारी संपादकांच्या खोलीत बैठक झाली. सजावटकाराने कागद मांडला. लोक खूश आहेत. तेव्हा भिंत अजून लांबवायची आणि निवेदिकेने पूर्णवेळ भिंतीकडे वळूनच बोलायचं, सुतार मंगळवारी कामाला लागणार. बाई म्हणाल्या, "बोलताना तिचं तोंड समोर पाहिजे. चित्र दाखवायचं तर आधी दाखवा, मग वळून बोला."

"का?" सजावटकाराने विचारलं.

"ओठ बघून बातम्या समजून घेणारी माणसं आहेत. त्यांना आता काही कळत नाही."

"किती फोन आले असे?" संपादकांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता.

"एकही नाही. ती माणसं फोन कसा करतील?"

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाईंच्या ओठांवर नाव आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "आहे एक माहितीतलं."

संपादक हसले. "फोनबाई, 'आमच्या घरी असं म्हणतात' हे चालत नाही असा नियम कोणाचा? सोमवारी दुपारपर्यंत वहीत नोंदी दाखवा, पाच-सहा तरी. मग मी सुतार थांबवतो."

स्वतःच्याच नियमात पाय अडकला होता. खोटी नोंद करणं बाईंच्या रक्तात नव्हतं, आणि बापाचा शब्द मोडवत नव्हता. घरी जाऊन त्यांनी अण्णांना समोर बसवलं आणि बैठकीत काय झालं ते जसंच्या तसं, आवाज न चढवता सांगितलं. आग्रह एका शब्दानेही केला नाही. अण्णांनी सगळं वाचून घेतलं, चष्मा पुसला आणि विषय बदलला. शनिवारी आणि रविवारी ते चप्पल घालून बाहेर पडले ते जेवायलाच परत आले. कुठे गेला होतात म्हटलं तर म्हणाले, पाय मोकळे करायला.

सोमवारी सकाळी साडेदहाला डावीकडचा फोन वाजला. बाईंनी उचलून नेहमीचं वाक्य म्हटलं, "नमस्कार, आपलं नाव आणि भाग सांगा." पलीकडे कोणीतरी आकडे मोजत होतं.

"...आठ, नऊ, दहा. आता तुम्ही फोन उचलला असेल असं धरून बोलतो."

आवाज अण्णांचा होता.

"मला ऐकू येत नाही. तेव्हा मध्ये काही विचारू नका, नुसतं लिहून घ्या." त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गल्ली सांगितली, गिरणीतला खात्याचा नंबरसुद्धा सांगितला. "नवा रंग चांगला आहे. भिंत चांगली आहे. पण बाई बोलताना तोंड फिरवते. आमच्यासारख्याला तेवढं तोंडच असतं. ते समोर ठेवा. संपलं." मग पुढे, "तुम्ही आहात की नाही ते मला कळायला मार्ग नाही. म्हणून पुन्हा सांगतो. मला ऐकू येत नाही..."

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदाही. जे वाक्य तीस वर्षांत पोटच्या पोरीला सांगितलं नव्हतं ते त्यांनी ऑफिसच्या फोनवर तीनदा म्हटलं. बाई एका हाताने लिहीत होत्या, दुसऱ्या हाताने फोन घट्ट धरून होत्या आणि डोळे पुसायला तिसरा हात नव्हता. दोन मिनिटांपुढे कोणालाही न बोलू देणाऱ्या बाईंनी तो फोन पलीकडून ठेवेपर्यंत ठेवला नाही.

ठेवतात न ठेवतात तोच उजवा वाजला. "...तर माझं म्हणणं असं," कोणीतरी आधीच सुरू केलेलं होतं. त्याने मोजायला कमी आकडे घेतले असावेत. मग पुन्हा डावा. एक जण इतक्या मोठ्याने बोलत होता की जिन्यावरून जाणारा शिपाई थांबला. एकाने नाव सांगायचं विसरून फोन ठेवला आणि बाई हळहळत असतानाच नाव सांगायला परत केला. सगळे अण्णांच्या गिरणीतले मागवाले, कान गेलेले. अण्णांनी दोन दिवस घरोघर पाय मोकळे केले होते.

बारा वाजेपर्यंत एकोणीस नोंदी झाल्या. बाईंनी विसावा फोन उचलला आणि सरळ संपादकांच्या खोलीत निरोप धाडला की इकडे या. संपादक आले, सजावटकारही आला. बाईंनी फोन संपादकांच्या कानाला लावला. संपादकांनी सवयीने "हॅलो, हॅलो" केलं, आणि मग एका म्हाताऱ्याचं बोलणं दोनदा ऐकून घेतलं. सजावटकाराने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला.

"माझ्याही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना असं कबूल करताना कोणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

सुतार आले ते भिंत लांबवायला नाही, निवेदिकेच्या उभं राहायच्या जागा आखायला. बोलताना तोंड समोर, वळायचं ते गप्प राहून, असं ठरलं.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा अण्णा दारातच उभे होते. त्यांनी लेकीला चप्पलही काढू दिली नाही. हात धरून दिव्याखाली आणलं आणि तिच्या ओठांकडे बघत विचारलं,

"सकाळी मी फोन केला होता. कोणी उचलला होता का गं? की मी आपला नुसताच बोलत होतो?"

"मी उचलला होता अण्णा," बाई सावकाश म्हणाल्या. "तिन्ही वेळा ऐकलं."