भुईला अंगभर कापड

गफारचाचा माणसाचा चेहरा नंतर बघायचे. आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरायचे. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरलं की त्यांना जे कळायचं ते कळून जायचं. मी पाचवीत गेले तेव्हा गणवेशाचं कापड घ्यायला आबा, म्हणजे माझे वडील, मला उदगीरला त्यांच्या दुकानात घेऊन गेले. चाचांनी गादीवर बसल्या बसल्या माझ्या फ्रॉकची कड चिमटीत धरली आणि आबांना म्हणाले, "पाटील, हे कुठून आणलं? धुण्यात जाळी झाली का न्हाई?" झाली होती. ते कापड आबांनी जत्रेतून आणलं होतं आणि त्यावरून आईनं त्यांना बरंच ऐकवलं होतं. आबा ओशाळून हसले. मला मात्र हा माणूस फार आवडला, कारण आईची बाजू घेणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते.

चाचांच्या घराण्यात कापडाचा धंदा निजामाच्या काळापासूनचा. उदगीरहून जळकोटकडे जाताना उतारावर त्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन होती. वरच्या अंगाला त्यांची, खालच्या अंगाला आमची, आणि मधल्या बांधावर दोघांच्या सामाईक मालकीची विहीर. जमीन बटाईनं दिलेली असे. वर्षातून एकदा चाचा पॉलिश केलेले बूट घालून यायचे, बांधावरून खाली न उतरता ज्वारीचं पोतं गाडीत टाकायचे आणि निघून जायचे. शेतीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि हेही ते छातीठोकपणे सांगायचे. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे इतक्या आत्मविश्वासानं सांगणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. पण किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या तसं चाचांनी दुकानातला सगळा पांढरा कपडा, मांजरपाट आणि लठ्ठा, कफनासाठी थानच्या थान बाहेर काढला आणि मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, उभ्या असलेल्या एका ट्रकमध्ये टाकला. आबा मूग विकायला मोंढ्यात आले होते. तेही त्याच ट्रकमध्ये चढले. दोघं परतले तेव्हा ओळखू येत नव्हते. तिथं काय पाहिलं, ते आबांनी घरात कधी सांगितलं नाही. चाचा मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "पाऊस सारखा पडून राहिला होता, पाटील. अन् कपडा आखूड पडला. कुणाकुणाचे पाय उघडे राहिले."

पुढच्या उन्हाळ्यात ते एकटेच शेतात आले. बटाईदार जमीन सोडून पुण्याला गेला होता. ते बांधावर बराच वेळ उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट काढून रानात उतरले. जमीन भेगाळलेली, तापलेली, कुठं काडी नाही. त्यांनी चिमटीत माती धरली, चोळली, आणि ती भुरभुर उडून गेली. आबांना म्हणाले, "हिचा पोतच गेला की. हे असं उघडं किती साल पडून हाय?" आबा म्हणाले, "उन्हाळ्यात रान उघडंच असतं, गफारभाई." त्यावर चाचा चिडलेच. "तुम्ही असता का उन्हाळ्यात उघडे?"

दुकान त्यांनी मुलाच्या, सलीमच्या, हवाली केलं. कृषी खात्याच्या कार्यालयात जाऊन त्यांनी भुईला झाकेल असं काहीतरी मागितलं; तिथल्या साहेबांनी त्यांना तागाचं बी दिलं, दाट पेरायचं आणि फुलावर आलं की जमिनीत गाडायचं म्हणून सांगितलं. चाचांनी निम्मंच ऐकलं. त्यांनी तो असा दाट पेरला की आत मांजर शिरलं नसतं. पावसाळ्यात ते रान डोक्याएवढं वाढलं, पिवळ्या फुलांनी भरलं, आणि चाचा त्याच्या प्रेमात पडले. आबा चिडवायचे, "कापडवाल्यानं ताग पेरला, म्हणजे आता गोणपाटाचं दुकान काढणार." चाचांना नांगर घालवेना. उभं पीक, तेही फुलावरचं, आडवं कसं करायचं? आज करू, उद्या करू म्हणत फुलांच्या शेंगा झाल्या, शेंगा वाजायला लागल्या, आणि ताग सरपणासारखा टणक झाला.

शेवटी नांगर घातला तेव्हा दांड्यांचे भारे फाळात अडकले. बैल दमले, गडी वैतागला. पाऊसही उघडला होता, त्यामुळे गाडलेलं कुजेना. त्यावर पेरलेली ज्वारी पिवळी पडली, काविळीतून उठलेल्या माणसासारखी. गावाला हसायला विषयच मिळाला. चाचा मात्र चावडीसमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गलती माझी हाय, तागाची न्हाई. कापड ओलं असताना झटकायचं असतंय, वाळल्यावर झटकून काय होणार?" पुढच्या वर्षी पहिली फुलं दिसली त्या सकाळीच त्यांनी बैल जुंपायला लावले. आधी फळी फिरवून ताग झोपवला आणि मग नांगर घातला. माझी आई तेव्हा घरात जाऊन बसली. फुललेल्या पिकात औत जाताना बघणं तिला पाप वाटत होतं. चाचाही डोक्याला रुमाल बांधून बांधावर उभे होते आणि ओठ हलवत होते. विचारलं तर म्हणाले, "माफी मागून राहिलो."

मी दहावी झाले आणि मला लातूरला क्लाससाठी ठेवलं. ते दिवसच तसे होते. लातूरचा नुसता बोलबाला होता. ज्याला त्याला पोरगं डॉक्टर करायचं होतं आणि गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या. इकडे दोन वर्षं पाऊस वेडावाकडा झाला होता. पडला की एकाच दिवसात कोसळायचा, वरची माती ओढ्यात न्यायचा आणि मग महिनाभर तोंड दाखवायचा नाही. आमची विहीर संक्रांतीलाच कोरडी पडू लागली. उदगीरच्या एका माणसाला प्लॉट पाडायला आमचं रान हवं होतं. आबांनी मनाशी ठरवलंच होतं: रान विकायचं आणि लातूरला खोली घेऊन क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढायची. आई भाकऱ्या थापणार आणि आबा डबे पोचवणार. आबांना डबे घेऊन जिने चढताना मी मनात पाहायचे आणि मला ते नकोच वाटायचं. पण माझ्याच शिक्षणासाठी हे चाललेलं, बोलणार कोणत्या तोंडानं?

बोलले ते चाचा. आमच्या ओसरीवर चहा घेताना त्यांनी आबांची बाही चिमटीत धरली आणि सोडलीच नाही. "पाटील, एक खरीप मला द्या. सोयाबीन नका पेरू, ताग पेरा. वरचं पाणी मी अडवतो, खालचं तुम्ही अडवा. संक्रांतीला विहिरीत पाणी दिसलं तर रान विकायचं न्हाई. न्हाई दिसलं, तर मी तुम्हाला अडवणार न्हाई. जबान देतो." एक खरीप सोडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच ठाऊक. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गफारभाऊ, दुकान तुमचं चालू हाय, म्हणून सुचतंय हे." चाचा म्हणाले, "हाव भाभी, म्हणूनच सुचलं. ज्याच्या गळ्याशी आलंय त्याला कसं सुचणार?" आबांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले आणि ताग पेरला.

नागपंचमीला मी घरी आले तेव्हा दोन्ही रानं एकसारखी हिरवी दिसत होती. त्याच दुपारी मोठा पाऊस झाला. शेजारच्या रानांतून चहासारखं पाणी ओढ्याला धावत होतं आणि आमच्या तागाच्या कडेनं निघणारं पाणी थोडं, सावकाश आणि जवळजवळ नितळ होतं. पाऊस थांबल्यावर मी एक झाड मुळासकट उपटून चाचांना त्यावरच्या गाठी दाखवल्या. क्लासमध्ये नुकतंच शिकवलं होतं: या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड गाडलं की तो जमिनीला मिळतो, आणि तेवढा युरिया कमी लागतो. चाचांनी एक गाठ चिमटीत फोडली. आत गुलाबी लाल निघाली. "आतून रंग हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे असं बघत राहिले, जणू जिवाणू मीच सोडले होते. "बेटा, क्लासमध्ये हे शिकवतात? मग चांगलाय तुझा क्लास. मला वाटलं, नुसतं पास व्हायला शिकवतात."

संक्रांतीला मी पुन्हा आले. विहीर कोरडी होती. तळातला दगड न् दगड दिसत होता. प्लॉटवाला संध्याकाळी बोलणी करायला येणार होता. चाचा आले, काठावरून वाकून त्यांनी आत पाहिलं आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन आबांना म्हणाले, "मी हरलो, पाटील. एका पावसाळ्यात विहीर भरती असं मी समजत होतो. नवशिक्या हाय मी. तुम्ही मोकळे."

फुलावर आलेला ताग गाडून आबांनी त्या रानात रब्बीची ज्वारी पेरली होती. ते ज्वारीत शिरले. शेजारच्या रानात ज्वारीची पानं दुपारी सुरळी होऊन पडायची. आमची पोटरीत आलेली ज्वारी ताठ उभी होती, आणि तिला विहिरीचं एक थेंबही पाणी मिळालेलं नव्हतं. हे घरातले रोज बघत होते, पण सगळ्यांचे डोळे विहिरीकडे लागलेले. आबा उकिडवे बसले, वरचा फुफाटा बाजूला केला आणि हात जवळजवळ कोपरापर्यंत मातीत घातला. बाहेर काढलेली माती काळी होती. त्यांनी ती अंगठ्यानं आणि बोटानं चोळली, अगदी चाचांसारखी, आणि ती उडाली नाही, बोटांना चिकटली. "ओल हाय," आबा म्हणाले. मी तिथंच रडायला लागले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी आबांनी प्लॉटवाल्याला तिळगूळ दिला, चहा पाजला आणि रान विकायचं नाही म्हणून सांगितलं. गंमत म्हणजे चाचाच अस्वस्थ झाले. "पण पाटील, जबान माझी होती. पाणी न्हाई दिसलं. तुम्ही माझ्यासाठी नका थांबू." आबा म्हणाले, "तुमची जबान तुमच्यापाशी ठेवा. रान माझं हाय." मग त्या दोघांत ज्याची बाजू त्यानंच खोडून काढायची, असा विचित्र वाद बराच वेळ रंगला. आईनं मध्येच दोघांना जेवायला वाढलं म्हणून तो मिटला. मी लातूरला वसतिगृहातच राहिले. दुसऱ्याच्या खानावळीचा डबा खाल्ला आणि शिकले.

आज मी त्याच लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. हवामानबदलाचा धडा आला की पोरं पाठ केलेली वाक्यं म्हणतात. मी त्यांना आमचं रान सांगते. तागानं पाऊस पडत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, उन्हाची झळ मातीला कमी लागते, युरिया कमी टाकला की त्यातून सुटणारा, हवा तापवणारा वायूही कमी होतो, आणि झाडानं हवेतून घेतलेला कर्ब काही अंशी जमिनीत राहतो. आबांनी आणि चाचांनी ते वर्षानुवर्षं चालू ठेवलं, दरवर्षी रानाचा वेगळा तुकडा तागाखाली ठेवून. मग उतारावरच्या आणखी चार शेतकऱ्यांनीही ते धरलं, आणि विहिरीचं पाणी हळूहळू होळीपर्यंत टिकू लागलं. चाचा त्यावर फुशारकी मारायचे, पण विहिरीची पैज मात्र हरलोच होतो, हे प्रत्येक वेळी न विसरता सांगायचे.

चाचा भर उन्हाळ्यात गेले. मी पोचले तेव्हा दफन उरकलं होतं. आबा कब्रस्तानाच्या बाहेर झाडाखाली उभे होते. कबरीवरच्या ओल्या मातीचा ढीग ऊन लागून वरून पांढरा पडू लागला होता आणि आबांची नजर तिथून हलत नव्हती. वाटेत ते एवढंच म्हणाले, "उघडं हाय गं."

पेरणीच्या दिवसांत ते सलीमभाईच्या दुकानात गेले आणि त्यांनी परवानगी मागितली. सलीमभाईला शेतातलं काही कळत नाही, पण हे कळलं. दोघांनी मिळून कबरीवर ताग टाकला. श्रावणात मी आबांबरोबर गेले तेव्हा तो कमरेएवढा झाला होता, आणि शेंड्यांना पिवळी फुलं धरली होती. सलीमभाई आधीच तिथं उभा होता, जरा काळजीत. "आबा, फूल आलं. फुलावर आलं की अब्बा गाडायला सांगायचे. काय करायचं?"

"ह्याला न्हाई," आबा म्हणाले. "ह्याला राहू दे."

मग ते कबरीभोवती सावकाश फिरले. पायथ्याशी वीतभर जागेत बी उगवलं नव्हतं, तिथली माती दिसत होती. आबा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी मूठ बाहेर काढली.

"सलीम, पायाकडं आखूड पडलंय बघ," ते म्हणाले, आणि मुठीतलं बी त्यांनी तिथं पसरलं.