थांबल्याचा गुन्हा

माझ्यावर फौजदारी खटला चालला, तेव्हा मला सगळ्यात जास्त चीड आली ती "कबूल करून टाका" या शब्दांची. आधी हवालदार म्हणाला, मग वकील, मग माझा सख्खा भाऊ, आणि शेवटी घरी ह्यांनीही तेच म्हटलं. दंड भरायचा, सही करायची, मोकळं व्हायचं. जशी काही मी नो पार्किंगमध्ये गाडी लावली होती.

घडलं ते असं. मी शहरातल्या सदर भागात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घर शहराच्या कडेला, बेसा भागात. सकाळी मोपेड काढायची आणि गर्दी वाढायच्या आत लॅब गाठायची, हे माझं वर्षानुवर्षांचं. त्या दिवशी बेसा रोडवर घरांच्या एका नव्या स्कीमचं बांधकाम चाललं होतं, तिथे कडेला एक माणूस पडलेला दिसला. सायकल बाजूला मोडून पडली होती. त्याचा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की रोज रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या मीसुद्धा क्षणभर मान फिरवली. मोटारसायकलवाले हळू होत होते, बघत होते आणि पुढे जात होते. पानठेल्यावरचा एकजण म्हणाला, पांढरी पिकअप होती, उडवून गेली. नंबर कोणीच घेतला नव्हता.

मी थांबले. ओढणीने पाय बांधला, एका ऑटोवाल्याच्या हातापाया पडून त्याला तयार केलं, मोपेड पानठेल्यापाशी लावली आणि त्या माणसाला मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तो एकच म्हणत होता, "बाई, माह्या घरी सांगा." त्याच्या फोनवरून मी त्याच्या बायकोला कळवलं. ती आली तेव्हा तिच्या हाताला कणीक लागलेली होती. मग दवाखान्यातल्या एका पोलिसाने माझं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर लिहून घेतला. गाडीचा नंबर कशाला, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

काही दिवसांनी ठाण्यातून फोन आला. साक्ष हवी असेल, असं समजून मी लॅबमधून अर्धी सुटी घेऊन गेले. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याच गाडीनं ठोकलं अशी तक्रार आहे. त्याच्या बायकोनं दिली."

"ती तिथे नव्हतीच. मीच तिला फोन करून बोलावलं."

"ते कोर्टात सांगजा. कायले टेन्शन घेता? जामीन इथंच होते. पुढं कबूल करून टाकजा, थोडा दंड होते, विषय संपते."

हे तो इतक्या आपुलकीने बोलला की ठाण्याबाहेर येईपर्यंत मला राग आलाच नाही. बाहेर आले, ज्या मोपेडवरून आले होते तीच जप्त करून जुन्या गाड्यांच्या रांगेत उभी केलेली पाहिली, आणि मग तो आला. घरी ऑटोने गेले.

वकील ओळखीतून मिळाले. साठीचे, शांत, चहात बिस्किट बुडवून खाणारे. सगळं ऐकून त्यांनीही तेच सांगितलं. "मॅडम, निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत. कबूल केलं तर बहुतेक दंडावर भागेल. लढलात तर कितीतरी वर्षं चकरा माराल."

"पण मी ठोकलंच नाही."

"मी कुठं म्हणून राहिलो का ठोकलं म्हणून?"

मग त्यांनीच मला समजावलं. जखमीला मोठी भरपाई मिळवायची तर गाडी सापडायला हवी आणि त्या गाडीचा विमा हवा. पिकअप पळालेली. माझ्या मोपेडचा विमा होता. मी थांबले होते आणि नंबर माझ्याच तोंडाने सांगितला होता. एवढं पुरे होतं.

त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी कबूल करायचं नाही. कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप वाचून विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी "नाही" इतकं मोठ्याने म्हणाले की शिपायाने मान वळवून बघितलं.

मग तारखा सुरू झाल्या. कोणी कुठे बसायचं आणि कोणी उभं राहायचं, हे मी शिकले ते कोर्टात. वकिलांच्या खुर्च्या वेगळ्या, साक्षीदारांचा बाक वेगळा, आणि आरोपी मागे भिंतीला टेकून उभे. पुकारा झाला की हात वर करायचा. कधी साक्षीदार आलेला नसायचा, कधी सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असायचे. पुढची तारीख घेऊन मी लॅबमध्ये परत जायची आणि उशिरापर्यंत थांबून काम भरून काढायची. इन्चार्जची जागा रिकामी झाली तेव्हा मालकांनी ती माझ्या मागून लागलेल्या मुलीला दिली. म्हणाले, "तुमचं ते प्रकरण मिटू द्या." प्रकरण. जसं काही मीच ते सुरू केलं होतं.

चौथ्या वर्षी साक्षी लागल्या. आधी तो जखमी माणूस आला, काठीवर. त्याला पाहून मला आधी बरंच वाटलं, माणूस चालतोय म्हणून. तो खरं बोलला. म्हणाला, "मांगून धक्का बसला. गाडी दिसली नाही. डोळे उघडले तं ह्या बाई होत्या." सरकारी वकिलांनी नेमकं तेवढंच उचललं, म्हणजे अपघाताच्या जागी आरोपी हजर होत्या. मी मागे भिंतीपाशी उभी होते. बोलायची परवानगी नव्हती. मी पदर मुठीत इतका घट्ट धरला होता की शेवटी त्याची पिन निघून बोटात गेली.

मग त्याची बायको आली. माझ्या वकिलांनी चहात बिस्किट बुडवावं तितक्याच शांतपणाने विचारलं, "अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठं होत्या?"

"घरी. सैपाक करत होती."

"मग ही मोपेड होती हे कसं कळलं?"

ती दाराकडे, बाहेर थांबलेल्या हवालदाराकडे बघायला लागली.

"कोणी सांगितलं?"

ती हळूच म्हणाली, "पोलिसायनं."

हवालदाराला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मोपेडवर ओरखडा होता का? "आढळला नाही." मग तक्रार इतक्या उशिरा का? त्यावर तो म्हणाला, कुटुंब दुःखात होतं.

साक्ष संपल्यावर व्हरांड्यात ती बाई पाण्याच्या नळापाशी उभी होती. वकिलांनी आधीच बजावलं होतं, साक्षीदारांशी बोलू नका. मी ऐकलं नाही. मी तिला विचारलं, "मी तुझ्या माणसाला उचललं. माझंच नाव सांगताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं नं ताई," ती म्हणाली. "पण जो पळाला त्याचा नंबर मी कुठून आणू? तुमचा होता. हवालदार म्हणे, बाईच्या गाडीचा विमा आहे, तिले काही होत नाही, दंड भरून सुटते."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तं तुम्ही हो म्हटलं असतं?"

मी अजून चिडले. तिच्यावर ओरडले, आजूबाजूचे बघायला लागले, आणि वकिलांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

निकाल लागायला आणखी काही तारखा गेल्या. साहेबांनी दोन मिनिटांत वाचला. सबळ पुरावा नाही, संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

बाहेर आल्यावर मी वकिलांना विचारलं, "कोणता संशय?"

"भाषा तशीच असते मॅडम. सुटल्या नं? घरी जा, गोड खा."

मग चहाच्या टपरीवर ते सहज बोलून गेले, "तसं पाहिलं तर पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारची वेगळी भरपाई असते. कमी मिळते, पण मिळते. त्या बाईनं तिकडं अर्ज करायला पाहिजे होता. सांगितलं नसेल कोणी. आता तुमच्या विम्यातूनही तिला काही मिळत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच माहीत असते."

"पोलिसांना?"

"त्यांनाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही आरोपी होत्या," ते म्हणाले. "तुमचा काय संबंध?"

इतक्या वर्षांत एवढा संताप मला कधी झाला नव्हता. मी चहा तसाच ठेवून उठले. एक सरळ, कायदेशीर वाट तिथेच होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. ती त्या बाईला न दाखवता तिला खोटं बोलायला लावलं, मला भिंतीपाशी उभं केलं, आणि शेवटी तिच्याही हाती काही लागलं नाही.

केसच्या कागदांवर तिचा पत्ता होता. रविवारी मी गेले. टिनाच्या छपराची एक खोली. तिचा नवरा दारातच बसला होता, मला बघून उठायला लागला. मी "बस" म्हटलं. ती आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी तिला सांगितलं, असा असा अर्ज असतो, उद्या कागद घेऊन चल.

"काहून करता तुम्ही हे?" तिने विचारलं.

"मला राग आला आहे म्हणून," मी म्हटलं. तेच खरं होतं. दया वगैरे मला अजिबात आली नव्हती.

जिथे हा अर्ज घेतात त्या ऑफिसातल्या बाबूने कागद चाळले आणि मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"यांच्या केसमधली आरोपी."

त्याने चष्मा काढून आधी मला पाहिलं, मग तिला. मग म्हणाला, फारच उशीर झाला आहे, आणि पोलिसांच्या कागदांत अजून मोपेडच आहे, ते आधी दुरुस्त करून आणा. आम्ही त्याच ठाण्यात गेलो. तो हवालदार बदली होऊन गेला होता. त्याच्याविरुद्ध मी तक्रार दिली आहे, तिची चौकशी चालू आहे असं मला दर खेपेला सांगतात. कागद मात्र दुरुस्त झाले. उशिराचं कारण लिहून दिलं आणि अर्ज एकदाचा आत गेला. पैसे अजून आलेले नाहीत.

मी तिच्याशी अर्जाशिवाय दुसरं काही बोलत नाही. तीही बोलत नाही. परवा तिचा फोन आला, "ताई, कधी जायचं?"

"सोमवारी. लवकर ये, उशीर झाला की साहेब जागेवर भेटत नाहीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.