देवाखालचं पाणी

आमच्या खाडीवरच्या देवाला छप्पर नव्हतं, आणि ते मुद्दामच नव्हतं. कळव्याच्या बाजूला, ठाण्याकडे तोंड करून, काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता, माणसाच्या कमरेएवढा. अमावस्या-पुनवेच्या उधाणाचं पाणी चढत चढत यायचं, त्याच्या पायाशी थांबायचं आणि परत फिरायचं. कितीही मोठं उधाण असो, पायांच्या वर कधी गेलं नाही. दगडाच्या पुढे खाडीची हद्द, मागे आपली, एवढा साधा कायदा. पुढच्या अंगाला कुणी कुडाची झोपडीसुद्धा घालत नसे. बाची होडी त्याच्याच खाली बांधलेली असायची. बा म्हणजे माझे वडील. देवाचा मान आमच्या घराण्याकडे, म्हणून शेंदूर त्यानेच लावायचा आणि कौलही त्यानेच.

कौल कसा, तर खाडीच्या पाण्यात झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवायच्या, दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि मोठ्याने विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हसू येत असेल तर हसा खुशाल. माझ्या पहिल्या स्थळाला डावी पडलेली, आणि तो मुलगा पुढे काय निघाला ते अख्ख्या कळव्याला ठाऊक आहे.

ऐंशीचं दशक सरत आलेलं तेव्हा माझा चुलतभाऊ निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत होता. गुणी होता, खोटं का बोलू. वाडीत पहिला नळ त्यानेच आणला, आणि त्या नळावर मीसुद्धा दोन-दोन हंडे लावून उभी राहिलेय. पण एकदा हारतुऱ्यांची सवय लागली की माणूस थांबत नाही. एक दिवस तो एका बिल्डरला घेऊन आला. देवाला रस्त्याकडेला संगमरवरी देऊळ बांधायचं, खाडीत भराव टाकून मोकळ्या झालेल्या काठावर बिल्डिंग उभी करायची, आणि वाडीतल्या प्रत्येकाला त्यात एक-एक घर. बायका तर घरातल्या घरात संडास या एका गोष्टीवरच खूश झालेल्या, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. बाचा हात लागल्याशिवाय दगड हलणार नव्हता, आणि कौल मिळाल्याशिवाय बा हात लावणार नव्हता. घरी तो आईला एवढंच म्हणायचा की देव गेला तर मी होडी कुठं बांधू. बाहेर मात्र तोंडाला कुलूप. अख्खी वाडी त्याच्याकडे बघत होती, आणि दुपारी पारावर तो आला की गप्पा थांबायच्या.

कौल लावला तो भरदुपारी, ओहोटीच्या वेळी. खाडीचं पाणी तोवर पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. वरच्या अंगाच्या कारखान्यांतून काय काय उतरायचं, पाण्यावर सतत तवंग असायचा. बाने त्याच पाण्यात पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, विचारलं. आणि पाकळ्या पडल्याच नाहीत. संध्याकाळ झाली, तरी नाहीत. दुसऱ्या दिवशी वारा इतका की माझा पदर डोक्यावर ठरेना, पण त्या दोन पाकळ्या जागच्या हलेनात. कोमेजल्यासुद्धा नाहीत. बायका त्या वाटेने जायच्या बंद झाल्या. मी एकदा जवळ जाऊन बघितलं, तर पाकळ्या ओल्या होत्या, नुकत्याच लावल्यासारख्या. बाला सांगितलं तर म्हणाला, बोलत नाय तो.

चुलतभावाचा धीर सुटला. पाणी घाण झालंय, त्यात देवाचा काय दोष, असं म्हणत तो आपल्या नळाची कळशी भरून घेऊन आला. सगळी वाडी जमलेली. बाने जुन्या पाकळ्या ओढून काढल्या, नळाच्या पाण्यात नव्या भिजवून लावल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बघता बघता उजवी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी तरी नारळ फोडला. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मी बाला म्हटलं, हा देवाचा कौल नाही, नळाचा आहे. चुलतभावाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्याच घरचं मीठ खात होते.

"विचारलं मी," बा म्हणाला. "आता नाय कसं म्हणू?"

आणि त्याने हात लावला.

दगड वाटलेला त्याच्या दुप्पट खोल निघाला. दहा-बारा बाप्यांनी पहारी घालून तो उपटला, आणि खालच्या खड्ड्यात पाणी वर यायला लागलं. ओहोटी होती. खाडी पार लांब चिखलात गेलेली. तरी पाणी आलं, आणि तेही नितळ, मी लहानपणी बघितलेलं तसं. त्यांनी बादल्यांनी उपसलं, ते पुन्हा तेवढंच भरलं. पुन्हा उपसलं, पुन्हा भरलं. शेवटी चुलतभावाने हात हलवला आणि भरावाचा पहिला ट्रक त्या खड्ड्यातच रिकामा झाला.

पुढे कित्येक महिने ट्रक येत राहिले. पलीकडे ठाण्यात जुनी घरं पाडत होते, त्यांचाच राडारोडा इकडे यायचा. कुणाच्या स्वयंपाकघराची धुरकटलेली भिंत, कुणाचा उंबरठा, त्याच्यावर हळदीकुंकू तसंच. एका चौकटीला तोरण होतं. काठची तिवरांची झाडं गाडली गेली, आणि खेकडे बिचारे दिशा चुकून आमच्या भिंतींवर चढायला लागले. रोज संध्याकाळी मी त्यांना केरसुणीने झटकायचे आणि शिव्या घालायचे, त्यांना नाही, ज्यांना घालायच्या त्यांना. बाची होडी कोरड्या जमिनीवर पालथी पडून राहिली.

देऊळ झकास झालं, उद्घाटनाला मोठे मोठे लोक आले. देवाला उकडू नये म्हणून वर पंखा लावला. आता कौल चुलतभाऊच लावायचा, आणि पंख्याच्या वाऱ्याने दर वेळी उजवीच पडायची. तो निवडूनही आला. बा देवळाची पायरी कधी चढला नाही. तिथला देव सगळ्याला हो म्हणतो, एवढंच म्हणायचा.

आम्हाला पहिल्या मजल्यावर घर मिळालं. खाली पार्किंग. वरच्या मजल्यांवर घोडबंदर रोडला जागा न परवडलेली मंडळी आली, आणि आवारात मासळी वाळत घालू नये अशी पाटी लागली. आमच्याच वाडीत येऊन आमच्याच बोंबलाला नाकं मुरडतात, काय बोलायचं. पार्किंगचा एक खांब बरोब्बर देवाच्या जागेवर आला होता. अमावस्येला, उधाणाच्या वेळेला, त्या खांबाला बुडाशी ओल धरायची. ओहोटी लागली की ओसरायची. वॉचमन रंग मारायचा, पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच. पहिल्या वर्षी ओल घोट्याएवढी होती. मग गुडघ्यापर्यंत आली.

नव्वदचं दशक संपायला आलेलं. एका अमावस्येला दुपारी बा मला खाली घेऊन गेला. खिशात झेंडू होता. त्याने चप्पल काढली, मलाही काढायला लावली. खांबाच्या ओलीवर पाकळ्या फिरवून भिजवल्या, दोन अंगांना लावल्या आणि विचारलं,

"तेव्हा तुला हलायचं होतं का?"

त्याचा हात मागे आला नव्हता तोच डावी पडली. वारा नव्हता. उजवी तशीच चिकटून राहिली.

मला वाटलं बा रडेल. तो नुसता खांबाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग तो गेलाच नाय, बाय. इथंच हाय. आणि आपण त्याच्या डोक्यावर मोरी बांधलीय."

तो जिना पुन्हा चढला नाही. संध्याकाळपर्यंत पालथ्या होडीवर बसून राहिला आणि मग पलीकडे ठाण्याला आत्याकडे गेला. आईने हातापाया पडून बघितलं, चुलतभाऊ गाडी घेऊन न्यायला गेला, बा काही बधला नाही. मी डबा घेऊन जायचे. जेवण कसं झालंय ते कधी विचारलं नाही. ओल कुठवर आली, तेवढंच विचारायचा.

शेवटच्या आजारपणात मी त्याच्या खाटेशी बसलेले, तेव्हाही त्याने तेच विचारलं. मी छातीशी हात धरून दाखवला. मला वाटलेलं तो घाबरेल. उलट त्याचा चेहरा सैल झाला, तसा मी त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"पाणी त्याच्या पायाशीच थांबतं," तो म्हणाला. "म्हणजे तो केवढा वर आला, बघ."

त्यानंतर तो चार दिवसही राहिला नाही. मी अजून त्याच बिल्डिंगमध्ये राहते, जाणार कुठे. पार्किंगमध्ये अनवाणी चालणारी बाई म्हणून वरची पोरं हसतात, हसू देत. गेल्या अमावस्येला ओल छताला लागली. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे.