दाराची उंची

आमच्या गल्लीत नवा रस्ता नेहमी जुन्याच्या उरावर चढायचा. तो चढला की पावसाचं पाणी थेट दुकानात. मग दुकानदार मुरूम टाकून आपापली जमीन वर घ्यायचे. बाबांनी शिलाईच्या दुकानातली जमीन इतक्यांदा उचलली की शेवटी दारच बुटकं झालं. गिऱ्हाईक वाकून आत यायचं.

"माझ्या दुकानात बिना नमस्काराचं कोनी येत नाही," बाबा म्हणायचे. लोक हसायचे आणि मी चिडायचे. कारण आणखी एक थर चढला असता, तर वर छताचे पत्रे आणि खाली जमीन यांच्यामध्ये बाबांना कापड बेतायला ताठ उभं राहता आलं नसतं. दुकान बंदच करावं लागलं असतं. तरी त्यांनी पावसाळ्याआधी जमीन उचलायला फुलचूरच्या गवंड्याला सांगून ठेवलं होतं.

अशात या गल्लीच्या पुनर्बांधणीचा आराखडा माझ्याच टेबलावर आला. मी नगरपालिकेत अभियंता. बापाच्या दुकानासाठी केलं, असं कोणी म्हणेल, खुशाल म्हणावं. मी गल्लीतलं एकूण एक दार टेप लावून मोजलं होतं, आणि सगळीच खुजी झाली होती.

रस्ता झाला रे झाला की नळवाल्यांनी तो फोडायचा, ही आपल्याकडची रीत. मी ती उलटी केली. आधी जुने थर खोदून काढायचे, मग नाल्या, पाण्याची पाइपलाइन, विजेच्या केबल सगळं एकदाच जमिनीखाली घालायचं. रस्ता सर्वांत शेवटी, आणि उंबरठ्यांच्या बराच खाली. नकाशा पुरा झाला तेव्हा मी स्वतःवरच बेहद्द खूश होते.

दुकानदार मात्र खवळले. समोरचे कापडवाले म्हणाले, "बेटा, रोड खोदोगे तो धंदा डूब जाएगा. ऊपर से एक परत डाल दो, बस." त्यांनी अडवलं तर काम पुढे सरकणार नव्हतं.

मी बैठक कार्यालयात ठेवलीच नाही, बाबांच्या दुकानात ठेवली. एकेक जण वाकून आत आला. कापडवाले तावातावाने आले, वाकायचं विसरले आणि चौकटीवर कपाळ आपटलं.

"लागलं का जी?" बाबांनी विचारलं. मी हसू दाबलं, त्यांनी नाही.

मी बाबांचा निळा खडू उचलला, सगळ्यांना बाहेर नेलं आणि पायरीच्या खाली, उघड्या नालीत दिसणाऱ्या जोत्याच्या दगडावर रेघ ओढली. "नवा रस्ता इथवर. मग आतली जमीनही खाली घ्या. तुमची दारं पुन्हा तुमच्या उंचीची होतील."

कापडवाले कपाळ चोळत त्या रेघेकडे बघत राहिले. मग आपल्या दुकानाकडे वळून म्हणाले, "मेरे यहाँ भी लगा दो निशान."

त्या दुपारी खडू संपेस्तोवर मी दारोदार रेघा ओढत फिरले. आपलं शिक्षण सार्थकी लागलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

परत आले तेव्हा बाबा फोनवर गवंड्याशी बोलत होते.

"या साली मुरूम आनू नोको. काऊन म्हंजे? रस्ताच खाली येऊन राहिला. माझी पोरगी आनून राहिली त्याले."