हलवलेल्या खुंट्या

माती बोलते, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माती काही बोलत नाही. तिच्यात लोखंडी कोन दाबला की ती कमी-जास्त अडवते, आणि तेवढं मी कागदावर उतरवते. परभणीत राहून हे काम करतेय त्याला आता बरीच वर्षं झाली. वर इमारत उभी करायची तर खाली किती खोल जायला हवं, हे मी लोकांना सांगते. बहुतेकांना ते आवडत नाही.

आमचं यंत्र दिसायला अगदीच साधं. टोकदार कोन, त्याच्यामागे एकाला एक जोडत न्यायच्या सळया, आणि त्या एकाच संथ वेगानं खाली दाबणारी चौकट. चौकटच वर उचलली जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी मोठे स्क्रू जमिनीत पिळून बसवायचे. टोकाला किती जोर लागला आणि अंगाला माती किती घासली, हे दोन आकडे दर वीतभर खोलीला मिळतात. खेड्यांतले लोक याला जमिनीचं इंजेक्शन म्हणतात. मी दुरुस्त करत बसत नाही.

ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात बौद्ध वस्तीला अभ्यासिका बांधायची होती. पुढाकार एका निवृत्त गुरुजींचा. खाली मुलांची खोली, वर मुलींची. तोवर मुलं विहारात बसून अभ्यास करायची. मुलींना मात्र, वेगळी खोली नाही म्हणून, दिवेलागणीला घरून हाक यायची, आणि घरी गेलं की पुस्तक मिटायचं. गुरुजींचा सगळा जीव त्या वरच्या मजल्यात होता.

"खालची खोली न्हाई झाली तरी चालंल मला," ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "वरची पायजे."

खालच्याशिवाय वरची कशी होणार, असं मी विचारलं. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

नकाशा बघून मी तीन ठिकाणी खुंट्या ठोकल्या, भोवती चुन्याच्या फक्कीचे गोल काढले आणि परवा येते म्हणून निघाले. मे महिना होता. काळ्या जमिनीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

ठरल्या दिवशी पहिल्या खुंटीवर कोन लावला. तो वीतभर गेला आणि थांबला. वरून जोर दिला तर चौकटच उचलायला लागली. दुसऱ्या खुंटीवर तेच. माझे दोघे कामगार खूश, लवकर सुट्टी मिळणार म्हणून.

"पास ना, मॅडम?" गुरुजींनी विचारलं.

उन्हाळ्यात काळी माती वरून टणक होते हे खरं, पण इतकी नाही. मी खुंटीशेजारी पहारीनं उकरायला लावलं. चार बोटं मातीखाली मुरूम निघाला, दगडगोट्यांसकट, चांगला दाबलेला. ती जुनी गाडीवाट होती. नकाशातली जागा तिथून वीसेक पावलं पलीकडे. तिकडे जाऊन पाहिलं, तर जमीन स्वच्छ होती, पण भेगांच्या आत फक्की तशीच होती. वरची फक्की पायानं पुसता येते. भेगेत पडलेली कोण काढणार?

मी वळून गुरुजींकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. ते आधीच स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"मीच हलवल्या," ते म्हणाले. "सकाळी सकाळी येऊन."

"आयुष्यभर परीक्षा घेतल्यात ना तुम्ही?"

"घेतल्या. एकालाबी कॉपी करू दिली न्हाई." मग म्हणाले, "पर नापास झालेलं पोरगं दुसऱ्या वर्षी पुन्हा बसायचं. ह्या जागेला पुन्हा कोण बसवतंय?"

मी चिडले होते, आणि ते बोलून दाखवलं, जरा जास्तच. पावसाळ्यात ही माती फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार, भिंती चिरणार. मग त्या भिंती कुणाच्या अंगावर पडणार, तुमच्या की वर बसलेल्या मुलींच्या? गुरुजींनी जाऊन तिन्ही खुंट्या स्वतः उपटून आणल्या आणि मी दाखवलं तिथं दगडानं ठोकल्या.

तिथं कोन वरचा टणक थर फोडून आत शिरला आणि जातच राहिला. कामगार सळईला सळई जोडत गेले. मी आकडे लिहीत होते, गुरुजी सळया मोजत होते. खालचा घट्ट थर लागेपर्यंत त्यांचा चेहरा पार उतरला होता.

अहवाल सरळ होता. उथळ पाया चालणार नाही, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब त्या घट्ट थरापर्यंत न्यावे लागतील. दोन मजल्यांचा भार घेणारे खांब केले, तर वर्गणीतला मोठा वाटा जमिनीखाली जाईल आणि वर तूर्त एकच मजला होईल, हे वस्तीच्या बैठकीत मी सांगितलं. एकाच मजल्याचा पाया घाला, उरलेल्यात फरशी आणि पंखे येतील, असं बरेच जण म्हणाले. गुरुजी उठले. कुणी विचारलं नसताना आधी खुंट्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. मग म्हणाले, "पाया दोन्हीचाच घाला. एकाचा घातला तर वरचं कधीच व्हायचं न्हाई." शेवटी तेच ठरलं.

यंदा हिवाळ्यात पूर्णेहून परतताना तिथं थांबले. इमारतीनं दोन पावसाळे काढले होते. सवयीनं आधी कोपरे आणि खिडक्यांखालची भिंत पाहिली. कुठं चीर नव्हती. मला बरं वाटलं. आत मुलं वाचत होती. गुरुजी म्हणाले, वर चला.

गच्चीवर खांबांच्या सळया डोक्याच्या वर गेलेल्या. त्यांना हिरवं नेट बांधलं होतं, आणि त्याच्या सावलीत सतरंजीवर पाच-सहा मुली बसल्या होत्या. ऊन सरकेल तशी त्या सतरंजी ओढून घेत.

"संध्याकाळी?" मी विचारलं.

"संध्याकाळी घरी," गुरुजी म्हणाले. खालची खोली ठरल्याप्रमाणे मुलांची होती, वरची, म्हणजे ही गच्ची, ठरल्याप्रमाणे मुलींची.

एका मुलीनं मान वर केली. "मॅडम, माती तुमीच बघितली का?"

"हो."

"आमचा मजला जमिनीत गेला म्हणतेत सगळे. किती खोल हाय?"

मी आकडा सांगितला.

"म्हंजे ह्या खालच्या खोलीच्या उंचीपेक्षा जास्त?"

मी हो म्हटलं. तिनं वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहून घेतला आणि पुन्हा वाचायला लागली. अहवालात एकही चूक नव्हती. तरी मला लाज वाटली.