मॅडमची तिसरी ट्यूब

डॉ. सफिया होडेकर मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक जिवंत मासा दिला. पीएच.डी.साठी माझ्या गाइड व्हाल का, हे विचारायला मी इस्त्रीचा शर्ट घालून गुहागरहून रत्नागिरीच्या कॉलेजात आलो होतो. तिथे कळलं की मॅडम भाट्याच्या खाडीवर गेल्यात. जाऊन बघतो तर ओढणी कमरेला बांधून, बर्फाचा डबा घेऊन मॅडम होडीपाशी उभ्या. "बोय आहे, घट्ट धर," एवढंच म्हणाल्या. आमचं घर सुपारीच्या बागेतलं, पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. मी डोळे मिटून धरली. "डोळे मिटून मासा धरता येईल रे, रिसर्च नाही व्हायचा," असं म्हणून त्यांनी ती परत घेतली. विचारायचं होतं ते राहूनच गेलं, पण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या लॅबमध्ये जायला लागलो.

आता मॅडमची एकसष्टी. गौरवग्रंथाच्या समितीने मला विषय ठरवून दिला आहे, 'होडेकर मॅडमचा शोध'. सन्मानाची गोष्ट आहे, मी लगेच हो म्हटलं. मग लिहायला बसलो आणि लक्षात आलं की तो शोध आज शोध राहिलेला नाही. तो मागे घेतला गेला, आणि तो पाडणारा प्रयोग मीच केला होता. म्हणजे आता मी गौरव नेमका कशाचा करायचा? समितीचे कार्यवाह माझे मित्रच आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो सर, गौरवग्रंथ आहे हा. त्यात उणीदुणी कशाला काढताय?" बरोबरच आहे त्यांचं. तरी माझा गोंधळ काही मिटला नाही, आणि हा लेख त्या गोंधळातच लिहिला आहे, हे वाचकांनी समजून घ्यावं.

विषय आधी सोपा करून सांगतो. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नातून ऊर्जा काढण्याचं काम तिथे चालतं. त्यांना लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र बाहेर, पेशीच्या द्रवात तयार होतात आणि मग आत नेली जातात. बऱ्याच प्रथिनांच्या पुढच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावरची प्रथिनं तो तुकडा ओळखतात, मग घडी उलगडलेलं प्रथिन दोन पडद्यांतल्या दारांमधून दोऱ्यासारखं आत ओढलं जातं, आणि आत पोचल्यावर तो तुकडा कापून टाकला जातो. मॅडमनी ज्या प्रथिनावर काम केलं त्याला हा पुढचा तुकडाच नव्हता. तरीही ते आत जातं, हा त्यांचा शोध. बोयीच्या लिव्हरमधून मायटोकॉन्ड्रिया काढून, कॉलेजच्या एका खोलीत, वीज जाईल तेव्हा बर्फात हात घालून त्यांनी हे काम केलं होतं. बाहेरच्या जर्नलने ते छापलं. मी त्या कामावर भाळूनच त्यांच्याकडे गेलो होतो.

त्यांची शिस्त कडक. मासे देणाऱ्या हसनचाचांचं नावसुद्धा प्रयोगाच्या वहीत लागायचं, कारण "मासा कुठला ते ठाऊक नसेल तर निकाल कुठला ते कसं कळणार?" आणि माया अशी की रमजानचे रोजे चालू असले तरी दुपारी माझ्यासाठी त्यांच्या मांडवीच्या घरून तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ यायची. "पातेलं वेगळं ठेवलंय, तुझ्या आईला सांग," म्हणायच्या. आईने ऐकलं आणि त्यानंतर दर खेपेला माझ्यासोबत आमसुलांची पुडी मॅडमकडे जायला लागली. या दोघी एकमेकींना जेमतेम दोनदा भेटल्या असतील.

माझा प्रबंध मॅडमच्या शोधाच्या पुढच्या पायरीवर होता. प्रथिन आत गेलं की नाही हे बघायला आम्ही दोन ट्यूब करायचो. पहिलीत मायटोकॉन्ड्रिया आणि प्रथिन. दुसरीत तेच, पण वरून प्रथिनं कुरतडणारं एन्झाइम. बाहेर चिकटलेलं असेल ते कुरतडलं जातं, आत गेलेलं पडद्यांमुळे वाचतं. आमचं प्रथिन वाचायचं. एक दिवस मॅडमनी विचारलं, "तिसरी ट्यूब केलीस?"

मी म्हटलं, "तुमच्या पेपरमध्ये नाही ती, मॅडम."

"म्हणूनच विचारते," असं म्हणून त्या तासाला निघून गेल्या.

तिसऱ्या ट्यूबमध्ये आधी डिटर्जंट घालून पडदे विरघळवतात आणि मग एन्झाइम घालतात. आता आतलं प्रथिनही कुरतडलं जायला हवं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर, पावसात एक माणूस कोरडा आहे. छपराखाली आहे म्हणून कोरडा, की इरलं घेऊन अंगणात बसलाय म्हणून? छप्पर काढायचं आणि बघायचं. मी पडदे विरघळवले, एन्झाइम घातलं, आणि आमच्या प्रथिनाचा बँड, म्हणजे ते शिल्लक असल्याची काळी रेघ, एक्स-रे फिल्मवर जशाचा तसा. ते आत गेलंच नव्हतं. त्याचे गोळे होत होते, गोळे मायटोकॉन्ड्रियाबरोबर तळाला बसत होते आणि एन्झाइमला त्यांच्यात दात रोवता येत नव्हते.

हे मला लगेच कळलं असं मात्र नाही. डिटर्जंट जुना झाला असेल, असं धरून मी नवा मागवला. परत केलं, तोच निकाल. तिसऱ्यांदा करताना खात्रीने आत जाणारं एक दुसरं प्रथिन सोबत घेतलं. ते ठरल्याप्रमाणे नाहीसं झालं, आमचं तेवढं राहिलं. मी फिल्म खणात ठेवली आणि आठवडाभर मॅडमसमोर जाणं टाळलं. त्यांचं नाव त्या एका पेपरवर उभं होतं, आणि ते माझ्या हातून पडणार होतं. मला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. चूक माझी नसताना लाज का वाटावी, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटी दाखवली. मॅडमनी फिल्म खिडकीपाशी नेली, बराच वेळ बघितली आणि विचारलं, "जेवलास?" मी नाही म्हटलं. त्या मला मांडवीला घेऊन गेल्या आणि त्यांनी जेवायला वाढलं. त्याच आठवड्यात त्यांनी जर्नलला लिहून पेपर मागे घेतला. चूक कुणी दाखवली तेही माझ्या नावासकट लिहिलं. नंतर पुष्कळ बोललं गेलं. चेल्याने गुरूच्या ताटात माती कालवली, असं म्हणणारेही भेटले. माझा प्रबंध तर कोसळलाच होता. मॅडम म्हणाल्या, "गोळे का होतात ते शोध. तोच तुझा विषय." त्यावर मला पदवी मिळाली आणि आज मी त्यावरच शिकवतो.

एक प्रश्न मात्र मी कधी विचारला नव्हता. मॅडमना आधीपासून शंका होती का? होती, तर त्यांनी स्वतः ती ट्यूब का केली नाही? हा लेख अडला तेव्हा गेल्या महिन्यात मांडवीला गेलो आणि एकदाचं विचारून टाकलं.

मॅडम आमसुलं निवडत होत्या. हात थांबला नाही. "केली होती," त्या म्हणाल्या. "पेपर पाठवायच्या आधी. बँड राहिला होता. मला वाटलं डिटर्जंट जुना झालाय. फिल्म टाकून दिली आणि पेपर पाठवला."

तोच विचार माझ्याही मनात आला होता.

"तू तीनदा केलीस," त्या म्हणाल्या. "मी एकदाच. दुसऱ्यांदा करायचा धीर नाही झाला. मग इतकी वर्षं जो येईल त्याला विचारत राहिले, तिसरी ट्यूब केलीस का म्हणून. सगळे म्हणायचे, पेपरमध्ये नाही. आणि मी सुटायचे."

मी विचारलं, "हे लिहू?"

"लिही. मेल्यावर सगळे गोडच लिहितात. मी आहे तोवर लिही, म्हणजे खोटं असेल ते मला खोडता येईल."

घरी येऊन मी लिहिलं. ज्यांना मी इतकी वर्षं निर्भय समजत आलो त्या घाबरल्या होत्या, याचं वाईट वाटून घ्यायचं की आपल्याला ते सांगितलं म्हणून धन्य व्हायचं, मला ठरवता येत नाही. फिल्म टाकून देणाऱ्या मॅडम आणि पेपर मागे घेणाऱ्या मॅडम एकच, हेही नीट जुळत नाही. जुळवायला मला वेळ लागेल. म्हणून मॅडमना भरपूर आयुष्य आणि उत्तम तब्येत लाभो, ही मागणी मी माझ्यासाठी करतो आहे. कच्चा लेख त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी त्यात एकच दुरुस्ती केली. 'घाबरल्या होत्या' या शब्दांच्या आधी मी सवयीने 'कदाचित' लिहिलं होतं. तो शब्द त्यांनी खोडला.